आत्याच्या आंब्याचा हुकूमनामा

अल कुसैस, दुबई
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

ती. अनुताईस,
धनाचा नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी भाऊजींना हाक मारली असशील, आणि ते चष्मा शोधत म्हणाले असतील, "फोडू नकोस, वकिलांना दाखव." फोड. आत नोटीस नाही. आत मी आहे आणि एक जुना कागद आहे. कागदाकडे नंतर वळ, आधी मला वाच.

रीत आहे म्हणून लिहितो, इकडे सगळे खुशाल आहेत. आभाचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त ती कुरकुरते. शुभ्रा दुसऱ्या वर्षाला गेली. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायचं, एवढं एक काम ती न चुकता करते. उन्हाळा ओसरलाय, संध्याकाळी एसी बंद करून खिडकी उघडता येते. खालच्या दुकानात पणत्या आणि फराळ आलाय. काल आभाने चकलीचं पाकीट उचललं, किंमत बघितली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बावीस दिरहॅम! म्हणजे पाचशे रुपये! यल्ला, चला, घरी भाजणी करू." मला तुझी आठवण झाली. तू सोऱ्या दाबायचीस, मी तुटक्या चकल्या खायचो, आणि तुटक्या संपल्या की तू मुद्दाम एक चांगली मोडायचीस.

तुझी पाठ कशी आहे? पट्टा लावतेस की कपाटात ठेवलायस? कोल्हापूरला अजून पाऊस पडतोय असं बातम्यांत होतं. नातू आता चालत असेल. हे सगळं मला बातम्यांत किंवा अंदाजाने कळतं, ही माझीच करणी.

तू दावा लावलास त्याला दीड वर्ष झालं. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. वकील म्हणाले होते, "समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही, बोललेलं अंगाशी येतं." मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवणारी तू, आणि तू समोरची पार्टी! मी तेव्हा हसायला हवं होतं. मी मात्र शहाण्यासारखी मान डोलावली, कारण ते मला सोयीचं होतं.

दाव्याची प्रत आली तेव्हा पहिल्याच ओळीवर मी भडकलो होतो. 'मयत भिकाजी रामचंद्र हिंदळेकर यांच्या मिळकतीबाबत.' अण्णांना मयत म्हणताना हिची जीभ कशी रेटली, असं मी आभासमोर ओरडलो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मग काय म्हणायचं होतं ताईंनी, बाहेरगावी गेलेत?"

तर आता मुद्द्याचं. गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा वकिलांनी सांगितलं, घरात जुने कागद असतील तर काढा. आंब्याच्या बागेशी घरच्या मुलींचा कधी काही संबंध नव्हता असं दाखवणारं काहीही चालेल. अण्णांच्या ट्रंकेतलं लाल कापडाचं दप्तर तुला आठवतं? आपण हात लावला की ओरडायचे ते. ते मी सुटकेसमध्ये घालून इकडे आणलं. खरं सांगायला बसलोय तर हेही सांगतो, ते दप्तर मी तुला हरवायला उघडलं.

आत बरंचसं वाळवीने खाल्लेलं. एक जाड कागद मात्र शाबूत, वर राणीच्या तोंडाचा शिक्का, आणि मजकूर सगळा मोडीत. मला त्यातलं एक अक्षर लागेना. चौकशी करता करता कळलं की अबुधाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राजाभाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत. पुण्यात सगळा जन्म जुन्या कागदांत काढला, आता निवृत्त होऊन मुलाकडे, निखिलकडे, राहतात. शहात्तर वर्षांचे. सुनेने दिलेला चहा कपभर आणि भिंग ताटलीएवढं. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "हे बघा, मी फोटोवरून वाचत नाही. व्हॉट्सॲप वगैरे विसरा. कागद घेऊन यायचं, संडे टू संडे, एका वेळी एक पान. आणि कागदात जेवढं आहे तेवढंच सांगेन. तुम्हाला पाहिजे ते नाही सांगणार, क्लिअर?"

म्हणून ऑगस्टपासून दर रविवारी इथून दीड तास गाडी हाणत जात होतो. त्यांना मी सांगितलं होतं, हौस म्हणून. घराण्याचा इतिहास वगैरे. त्यांना ते फार आवडलं.

ताई, तो कागद म्हणजे एका दाव्याचा हुकूमनामा निघाला. साल अठराशे शहाऐंशी. वरती लिहिलंय, मयत रामजी हिंदळेकर याची मिळकत. पहिल्या रविवारी राजाभाऊंनी 'मयत' हा शब्द मोठ्याने वाचला आणि मी खुर्चीत जरा सावरून बसलो. रामजी म्हणजे आपले खापरपणजोबा. दावा लावणारी त्यांची सख्खी बहीण, भागीरथी कोम गोविंद. मी विचारलं, कोम म्हणजे? राजाभाऊ म्हणाले, "म्हणजे गोविंदाची बायको. बायकांची ओळख तेवढीच लिहीत. पण ही बाई नावाने लक्षात राहील असं दिसतंय."

तिचं म्हणणं असं. एका भाऊबिजेला रामजीजवळ ओवाळणी घालायला काही नव्हतं. त्या वर्षी त्याचं मालाने भरलेलं पडाव समुद्रात बुडालं होतं. त्याने अंगणात जाऊन आंब्याची डहाळी तोडून आणली, ताटात ठेवली आणि म्हणाला, हे झाड तुझं. पुढे तो जगला तोवर त्या झाडाची पहिली टोपली दर वर्षी तिच्याकडे पोचवत राहिला. तो गेल्यावर मुलांनी टोपली बंद केली. म्हणाले, कागद दाखव. तिच्याजवळ कागद कुठला असणार? म्हणून तिने मेलेल्या भावाच्या मिळकतीवर दावा लावला. सासरहून देवगडला चालत, सात तारखा.

तुझ्या लक्षात आलं ना कुठलं झाड ते? आत्याचा आंबा! आपण लहानपणापासून म्हणत आलो, आणि आत्याचा का, हे कुणाला कधी विचारलं नाही. मी तर समजत होतो गंगाआत्याने लावला असेल. तेवढ्या मोठ्या झाडाला गंगाआत्या पुरली असती का, हा साधा हिशेबही इंजिनियरच्या डोक्यात आला नाही.

त्या रविवारी परत येताना मला सगळ्या रस्ताभर गंगाआत्याचं खारेपाटण दिसत होतं. अण्णांचा तो पांढरा शर्ट, वर्षातून दोनदाच इस्त्री होणारा. टोपलीत गवत, गवतात बारा रायवळ, वर ओलं फडकं. आपण दोघं त्यांच्या मागे. तळेऱ्याला गाडी बदलताना टोपली मांडीवर घ्यायचा मान तुझा, कारण मी वास घेता घेता एखादा उचलीन अशी अण्णांना खात्री होती, आणि ती रास्त होती. घरात झाडाखाली सडा पडलेला, पण टोपली आत्याकडे पोचल्याशिवाय कुणी चोखायचा नाही. मी एकदा गोठ्यामागे लपून खाल्ला होता. कोयीसकट तू पकडलंस आणि ती कोय तू आपल्या परकरात पुसून लांब भिरकावलीस. आईला सांगितलं नाहीस. मला तो आंबा अजून तोंडात आठवतो, इतका गोड आंबा मी परत खाल्ला नाही.

आणि आत्याच्या घरी गेल्यावरचं ते सगळं! ती पाणी आणायची, अण्णा पाणी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "आधी तू एक खा." ती म्हणायची, "अरे, बस तरी." "नाही. तू खा, मग बसतो." ती ओटीवर उकिडवी बसून एक आंबा चोखायची, अण्णा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे, आणि तिने कोय खाली ठेवली की मगच पाण्याचा तांब्या उचलायचे. तू मला एकदा म्हणाली होतीस, "धना, अण्णांची किती माया आहे ना आत्यावर." पुढे तुझं लग्न झालं, आणि अण्णा तुझ्याकडे कोल्हापूरला टोपली घेऊन यायला लागले. सत्तरी ओलांडली तरी एसटीने. तू चिडायचीस त्यांच्यावर, कुरिअरने पाठवा म्हणून. त्यांनी कधी ऐकलं नाही.

तिसऱ्या पानावर राजाभाऊ थांबले आणि खो खो हसायला लागले. मला वाटलं ठसका लागला. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "ऐका ऐका. 'वादीस लिहितां येत नाही, सबब टोपली नेणाऱ्यासमक्ष तिणे एक फळ खावे, तीच पोच समजावी.' कळलं का हिंदळेकर? पोच! रिसीट हो! बाईला सही येत नव्हती, म्हणून कोर्टाने आंबा खायला लावला. काय ब्रिलियंट माणूस असेल तो न्यायाधीश!"

मीही हसलो, पण मला आत कुठेतरी फसल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं ज्याला माया म्हटलं, ती कोर्टाची पावती होती. घरी येऊन आभाला सांगितलं तेव्हा ती वेगळंच बोलली. "अण्णांना मोडी येत होती का?" नव्हती येत. "मग त्यांना कुठे माहीत होतं पावती आहे ते? ते मायेनेच बघत होते की." हुकूम विसरला गेला आणि रीत तेवढी उरली. चार पिढ्यांना कुणी बघायला नव्हतं, बेलिफ येणार नव्हता, तरी टोपली जात राहिली.

चौथ्या पानावर साक्षी आहेत. भागीरथीच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. गावातल्यांना रामजीच्या मुलांशी वैर नको होतं. मग प्रतिवादींनीच आपल्या आईला उभं केलं. रामजीची बायको, येसू. तिने सांगायचं होतं की असं काही झालं नाही. नणंद-भावजयीचं आपल्याकडे काय सख्य असतं ते तुला मी सांगायला नको, आणि शिवाय झाड गेलं तर तिच्याच घरातून जाणार होतं. ती उलट बोलायला लागली तसे मुलगे म्हणाले, आईला ऐकू येत नाही. राजाभाऊंनी तिची जबानी मला दोनदा वाचून दाखवली, मी ती पाठ केली आहे. 'मुलगे सांगतात मला ऐकू येत नाही. मला ऐकू येते. ताटातला दिवा मी लाविला. डहाळी ठेवली ती मी पाहिली. हे झाड तुझे, असे घरधनी बोलले. घरधनी मेले म्हणोन मी आंधळी झाले नाही.'

तिच्या ह्या सहा वाक्यांवर भागीरथी जिंकली.

राजाभाऊंनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, "साहेब, केवढं भाग्य तुमचं. आंबा अजून आहे ना?"

मी म्हणालो, "नाही, तौक्ते वादळात गेला."

इथे थांबतो. भाजी आणायची आहे.


सोमवार, १३ ऑक्टोबर

ताई, शनिवारी भाजी आणायची नव्हती. भाजी आभाने सकाळीच आणली होती. पुढचं वाक्य लिहिता येईना म्हणून उठलो. काल दिवसभर कागद टेबलावर तसाच पडून होता. शुभ्राने येता जाता बघितला आणि विचारलं, "बाबा, हू राइट्स लेटर्स?" मी म्हटलं, ज्याला फोनवर बोलायची लाज वाटते तो.

आत्याचा आंबा वादळात गेला नाही.

वादळात त्याची एक फांदी मोडली, गोठ्याच्या बाजूची. बाकी झाड उभं होतं. त्या वर्षी मी बंगल्याचं काम काढलं होतं. खडी-वाळूचा डंपर आत यायचा तर एक तर पलीकडून रस्ता फिरवून दरडीला भिंत बांधायची, नाहीतर झाड काढायचं. अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करतो ना, कशात खर्च वाचेल ते शोधण्याचं. मी रास अल खैमाला साइटवर होतो. बागेतल्या माणसाचा फोन आला, "काय करू?" मी म्हणालो, काप. तो म्हणाला, "आत्याचो आंबो, दादानू?" मी म्हणालो, "हो, तोच. आज कापून टाक, खलास." पुढे बुंधाही जेसीबीने काढून घेतला, म्हणजे तू आलीस तर कुऱ्हाडीची खूण नको दिसायला.

आणि मी तुला फोन केला. तू फोनवरच रडायला लागलीस. विचारलंस, "मुळासकट उपटला का रे?" मी म्हणालो, "हो, मुळासकट." वर तुलाच समजावलं, म्हातारा झाला होता, कधीतरी जाणारच. तू मला म्हणालीस, "तू जपून राहा रे बाबा तिकडे."

हे खोटं मी इतक्यांदा बोललोय की आता ते माझ्या तोंडून आपोआप निघतं. राजाभाऊंसमोर निघालं तेव्हा मात्र ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. ते हळहळले, म्हणाले, "अरेरे. चला, देवाची करणी." आणि मग ते चौथं, शेवटचं पान मागच्या बाजूला उलटलं. "बघा, कोर्टाने त्याचाही विचार केलाय. 'झाड वाऱ्यापावसाने पडल्यास वादीचा हक्क तेथे संपला. वारसांपैकी कोणी आपले हाते तोडिल्यास वादीने, अगर तिचे मागे घरची जी मुलगी सासरी असेल तिणे, मयताचे मिळकतींतील पाहिजे ते झाड निवडून घ्यावे.' तुमच्या केसमध्ये वाऱ्याने पडलं, म्हणजे तो विषयच क्लोज्ड."

मी त्यांचा चहा तसाच टाकून निघालो. गाडीत बसलो आणि रडलो, ताई. अण्णा गेले तेव्हा विमानात रडलो होतो, त्यानंतर आत्ताच.

घरी आल्यावर आभाला आणि शुभ्राला सगळं सांगितलं. आभाला झाडाचं माहीत होतं, तिने तेव्हाच माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. शुभ्राला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सो यू लाइड टु आत्या? फॉर फोर इयर्स?" मी हो म्हणालो. ती उठून आपल्या खोलीत गेली. आभा म्हणाली, "तुम्ही केस लढा नाहीतर सोडा, तो तुमचा डिसिजन. पण ताईंना खरं कळवा. नाहीतर मी कळवते."

अजून एक राहिलंय आणि ते सगळ्यात जड आहे. हक्कसोडपत्राचं.

तुझ्या दाव्यात लिहिलंय की भावाने विश्वासात घेऊन, मजकूर न सांगता सही घेतली. माझ्या वकिलांनी उत्तर दिलंय की वादी सुशिक्षित असून तिने वाचून, समजून सही केली. ताई, रजिस्ट्रारच्या कचेरीतला तो दिवस मला तासागणिक आठवतो. तुझा चष्मा भाऊजींच्या खिशात राहिला होता आणि ते बाहेर गाडीपाशी होते. मी म्हणालो, सातबाऱ्यावर नावं चढवायला लागतं, साहेब जेवायला जातील, लवकर कर. तू पेन उचललंस आणि विचारलंस, "तू वाचलंस ना सगळं?" मी म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "मग झालं." आणि तीन ठिकाणी सह्या केल्यास. सगळं मी वाचलं होतं, हे अगदी खरं. त्यात तू तुझा वाटा कायमचा सोडत होतीस, हेही वाचलं होतं. बाहेर आल्यावर मी तुला इरकल घेतली, माहेरची साडी म्हणून. आपल्याकडे सही झाली की साडी द्यायची पद्धतच आहे ना. ती तू अण्णांच्या वर्षश्राद्धाला नेसून आलीस, आणि मला तिकडे बघवेना.

मी स्वतःला काय सांगत होतो माहीत आहे? की ताईला काय कमी आहे. तिचं घर आहे, भाऊजींची पेन्शन आहे. माझी साठी झाली की हा व्हिसा संपतो, हा देश सांगतो की या आता, आणि मग मला जायला तेवढी एकच जागा. रोज दहाव्या मजल्यावरून समोरच्या पार्किंगकडे बघताना मी ती बाग बघत होतो. पण बाग आठवताना तिच्यात तूही असतेस, हे मी हिशेबात धरलं नाही. तुझ्याशिवाय मला तिथली एकही आठवण नाही.

येत्या गुरुवारी इथल्या भारतीय वकिलातीत माझी वेळ होती. वकिलांनी पाठवलेल्या प्रतिज्ञापत्रावर तिथे सही करायची होती, त्यावर शिक्का मारून देतात. त्यात एक वाक्य आहे, 'वादीने सदर मिळकतीचे कोणतेही उत्पन्न कधीही घेतलेले नाही.' एवढ्या वाक्यावर सगळा बचाव उभा आहे, असं ते म्हणाले. लग्नानंतर तीस-बत्तीस टोपल्या तुझ्याकडे आल्या. मी वेळ रद्द केली. वकिलांनाही कळवलं. ते म्हणाले, "साहेब, अहो, जिंकलेली केस आहे ही." मी म्हणालो, म्हणूनच.

सोबतचा कागद तो हुकूमनामा आहे, अस्सल. राजाभाऊंनी बाळबोधीत उतरवून दिलेली प्रतही आहे, खाली त्यांची सही. काल मी त्यांना फोन करून झाडाचं खरं सांगितलं. ते म्हणाले, "कागद कुरिअरने नका पाठवू. कुणी जाणारं बघा." म्हणून हे दगडूबरोबर येतंय. दगडू आमच्या साइटवर सुतारकाम करतो, कणकवलीकडचा, दोन वर्षांनी सुट्टीवर निघालाय. उद्या शारजाहून गोव्याला उतरेल. त्याची मुलगी कोल्हापूरला नर्सिंग शिकते, तिला दिवाळीसाठी आणायला तो येणारच होता. मी बजावायच्या आधीच म्हणाला, "बॅगेत घालूचंय नाय साहेब, हातात धरून नेतलंय. ताईंच्या हातात देतलंय, दुसऱ्या कोणाच्या नाय." त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस. माशांवर त्याचा फार जीव आहे.

तुझे वकील म्हणतील, जवळजवळ एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या हुकूमनाम्याला आज किती किंमत. नसेल फारशी, मला कायदा कळत नाही. पण हे पत्र मात्र आजचं आहे. हेही त्यांना दे. सहा नोव्हेंबरच्या तारखेला कोर्टापुढे ठेवू देत. त्यांना सोपं जावं म्हणून सरळ लिहितो: हक्कसोडपत्रावर बहिणीची सही मी मजकूर लपवून घेतली. दर वर्षी पहिली टोपली तिच्याकडे जात होती, ती अण्णांच्या पश्चात मी बंद केली. आंब्याचं झाड वादळाने पडलं नाही, ते माझ्या सांगण्यावरून तोडलं. हे मी शुद्धीत आणि कुणाच्या दबावाखाली न येता लिहितो आहे. प्रत्येक पानावर खाली सही केली आहे, बघ.

माफी मागत नाही, ताई. मागितली की तू देशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू भाऊजींना म्हणशील, जाऊ दे, कबूल केलंन ना पोराने, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन दावा काढून घेशील. तेवढं करू नकोस. माझ्यावर थोडी जरी माया उरली असेल तर दावा काढू नकोस. शेवटपर्यंत चालव, निकाल घे, आणि तुझं नाव सातबाऱ्यावर लाव. मी तारखेला येतोय, तिकीट काढलंय. तुझ्या वकिलांनी विचारलं की मी उत्तर देईन. बाहेर तू माझ्याशी बोललीस तर बोल, नाही बोललीस तरी मी येणारच.

पाठीला जप.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी नुसतं धना लिहिलं. आज ते चालणार नाही, कोर्टाला पूर्ण नाव लागतं.

धनंजय भिकाजी हिंदळेकर
वय ५९, प्रतिवादी
वादीचा सख्खा भाऊ